टिक फीवर परत परत येतोय? कुत्र्याआधी भिंत तपासा

शेल्टरमधून मोठा कुत्रा आणला, त्याला टिक फीवर (गोचीड चावल्याने येणारा ताप) झाला, औषधाचा कोर्स पुरा केला, कुत्रा टुणटुणीत झाला. आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच: अंग तापलेलं, ताट तसंच पडलेलं, दोन पायऱ्या चढायचाही कंटाळा. आमच्याकडे हे दहा महिन्यांत तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला कारण सापडलं. खरं तर कारणं तीन होती, एकमेकांत गुंतलेली, आणि त्यातली दोन आमच्याच हातची. त्याला आता दीड वर्ष झालं. चौथी खेप आलेली नाही.

आधी एक सूचना. हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट दिसत असतील, नाकातून रक्त येत असेल, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके असतील किंवा लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होत असेल, तर हे वाचत बसू नका, गाडी काढा. जाताना घरातली माणसांची तापाची गोळी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि टिक फीवरमध्ये प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) आधीच घसरलेल्या असतात.

ज्यांच्याकडे इतकी घाई नाही त्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात: कुत्र्याचं आजचं वजन, गोळी कशातून दिली, आणि घराच्या भिंती. पहिल्या दोन पाच मिनिटांत कळतात. तिसरीला आम्हाला दहा महिने लागले.

आमचा बंडू

आम्ही गोव्यात फोंडा तालुक्यात राहतो. घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), वर मंगळुरी कौलं. पुढे सोपा, मागे पडवी, पडवीच्या मागे परसात माड-पोफळी आणि विहीर. आतल्या भिंतींना गिलावा आहे, तोही जागोजागी फुगलेला. सोप्याच्या आणि पडवीच्या बाहेरच्या भिंती नुसत्या चिऱ्याच्या. पाहुणे त्यांचे फोटो काढतात. मीही काढायचे.

बंडू जानेवारीत आला. भाड्याने राहणारी माणसं घर सोडून गेली आणि कुत्रा मागच्या अंगणात साखळीला तसाच राहिला, एवढीच त्याची हकीकत शेल्टरमध्ये समजली. जर्मन शेफर्डचं रक्त तोंडावरून दिसतं, बाकी अंग कुठल्यातरी मास्टिफचं असावं. शेल्टरवाल्यांनी नाव ठेवलं होतं ब्रूनो. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी त्याचा बंडू केला. आला तेव्हा वजन ३१ किलो होतं. त्याच्या हाडापेराला ते फारच कमी. बरगड्या मोजता यायच्या.

पहिला ताप शिमग्याच्या सुमारास, दुसरा जुलैच्या पावसात. तिसरा नरकासुराच्या रात्री. ज्यांना गोव्याची दिवाळी ठाऊक आहे त्यांना त्या रात्रीचा आवाज सांगायला नको. पहाटे नरकासुराचे पुतळे जाळेपर्यंत स्पीकरनी घराची कौलं हलत असतात. पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंग्याने उठून फाटकापर्यंत धावणारा आमचा कुत्रा त्या रात्री कानसुद्धा न हलवता पडून होता. मी त्याचा वरचा ओठ उचलून पाहिला. हिरडी धुतलेल्या फडक्यासारखी फिकट. ताप १०४ (कुत्र्याचा नेहमीचा साधारण १०१ ते १०२.५ असतो, त्यामुळे हात लावून फसू नका). दिवाळीच्या सकाळी अभ्यंगस्नान राहिलं बाजूला, फोव्यांची (पोह्यांची) ताटं झाकून ठेवली आणि आम्ही उघडा दवाखाना शोधत फिरलो. प्लेटलेट निघाल्या ४१ हजार. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात.

हे नेमकं असतं काय

आपण सरसकट टिक फीवर म्हणतो, पण त्या नावाखाली दोन-चार वेगवेगळे आजार येतात. आपल्याकडे जास्त दिसणारा एर्लिकिया. हा जीवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो. दुसरा बेबेसिया, तो तांबड्या पेशी फोडतो. लघवीचा रंग बदलतो तो बहुतेकदा त्याच्यामुळे. दोन्ही गोचीड चावल्याने येतात आणि दोन्ही एकाच कुत्र्यात एकाच वेळी असू शकतात. औषधं मात्र वेगळी. एर्लिकियावर डॉक्सीसायक्लिन चालतं. बेबेसियावर एकटं डॉक्सी पुरत नाही. म्हणून डॉक्सी सुरू करून दोन-तीन दिवसांत कुत्र्याने मान वर केली नाही, तर ‘अजून थोडं थांबू’ म्हणू नका, डॉक्टरांना बेबेसियाचा विषय काढा. बंडूच्या रक्तात तो निघाला नाही, पण डॉक्टरांनी शोधला, आणि तो शोधायलाच हवा होता.

एर्लिकियाची एक खोड मोठ्या रेस्क्यू कुत्र्यांच्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिला ताप औषधाविनाही उतरू शकतो. मग तो जंतू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं शरीरात दबा धरून बसतो, आणि कुत्रा वरून धडधाकट दिसतो. साखळीला उपाशी पडलेल्या कुत्र्याला घरी आणण्याआधी काय काय होऊन गेलंय, तुम्हाला माहीत नसतं. त्यात शेफर्ड जातीत हा आजार जास्त उग्र होतो. १९३५ साली अल्जीरियात या आजाराची पहिली नोंद झाली, पण जगाचं लक्ष गेलं ते व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे शेफर्ड कुत्रे याने पटापट मेले तेव्हा. आमच्या डॉक्टरांनी हे मला दिवाळीच्या दिवशी सांगितलं. माहिती चांगली होती, वेळ चुकली.

‘त्याला इंजेक्शन दिलंय ना?’ असं मला वाड्यावर (आमच्या वस्तीत) निदान सहा जणांनी विचारलं. ते रेबीजचं. गोव्यात २०१४ पासून जाळ्या घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना रेबीजची लस टोचणारी माणसं सगळ्यांच्या ओळखीची झाली आहेत आणि त्या कामाचा फायदाही दिसतो. पण त्या लशीचा टिक फीवरशी काही संबंध नाही, आणि एर्लिकियावर लस मिळत नाही.

पहिली चूक: वजन

जुलैत ताप आला तेव्हा पाऊस धो धो पडत होता. लक्षणं ओळखीची, मार्चची चिठ्ठी ड्रॉवरमध्ये. नवऱ्याने मेडिकलमधून तीच गोळी आणली, ३०० मिलिग्रॅम रोज, २८ दिवस. आम्ही एकही दिवस चुकवला नाही, आणि त्याचा अभिमानही वाटला.

डॉक्सीसायक्लिन कुत्र्याला साधारणपणे एका किलोला १० मिलिग्रॅम या हिशेबाने दिवसाला देतात. मार्चमध्ये बंडू ३१ किलोचा होता, म्हणजे ३०० बरोबर. जुलैपर्यंत भात, मासळी आणि सासूबाई यांच्या कृपेने तो ४० वर गेला होता. म्हणजे २८ दिवस आम्ही त्याला पाऊण डोस देत राहिलो. ताप उतरला, कारण पाऊण डोसानेही उतरतो. जंतू मेला की नुसता वाकला, ते कोण सांगणार?

गोचिडीच्या गोळीचंही तसंच झालं. चघळायच्या या गोळ्या वजनाच्या टप्प्यांत मिळतात. आम्ही देत होतो तिच्या पाकिटावर २० ते ४० किलो असं स्वच्छ छापलेलं आहे. ऑक्टोबरात बंडू ४३ किलो भरला. दुकानदाराने मागच्या वेळची दिली, आम्ही मागच्या वेळची घेतली. लहान कुत्रा एकदा वाढला की वर्षानुवर्षं एकाच टप्प्यात राहतो. उपाशी आलेला मोठा कुत्रा सहा महिन्यांत टप्पा ओलांडतो, आणि रोज डोळ्यासमोर असल्यामुळे ते आपल्याला दिसत नाही.

वजन करायचं कसं, हा प्रश्न मोठ्या कुत्र्याच्या मालकांना सांगायला नको. त्याला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं, हे पंधरा किलोपर्यंत ठीक. आम्ही आता महिन्यातून एकदा गावातल्या काजूच्या बिया घेणाऱ्याकडे नेतो. पोती तोलायचा जमिनीलगतचा काटा आहे, बंडू त्यावर आपणहून बसतो. मालक दरवेळी काजूच्या जातींवरून एकच विनोद करतात: कुठला भाव लावू, गावठी की वेंगुर्ला? आकडा घरी येऊन दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायचा. गोळी आणायला जाताना त्याचा फोटो न्यायचा.

दुसरी चूक: दहीभात

डॉक्सीची गोळी कडू असते आणि बंडू शहाणा आहे. मार्चमध्ये सासूबाईंनी युक्ती काढली: दहीभाताच्या गोळ्यात गोळी. एका घासात गडप. २८ दिवस घर आनंदात.

दह्या-दुधातलं कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि आतड्यातून त्याचं शोषण कमी होतं. टेट्रासायक्लिनच्या जुन्या भावंडांइतकं डॉक्सी दुधाने निकामी होत नाही, हे खरं. पण तोटा होतोच. त्याहून मोठा घोळ लोहाचा. रक्त कमी झालं म्हणून टॉनिक दिलेलं असतं आणि आपण सोयीसाठी ते गोळीबरोबरच पाजतो. लोह डॉक्सीला दह्यापेक्षा जास्त अडवतं. दोन्हींत काही तासांचं अंतर हवं. आम्ही आता गोळी सकाळी आणि टॉनिक रात्री असं ठेवतो.

रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते, आणि नुसती कोरडी घशात ढकलली तर अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होऊ शकते. म्हणून भात आणि काटे काढलेला उकडलेला बांगडा (मीठ-मसाला नाही), त्यात गोळी, आणि वर वाटीभर पातळ पेज. पेज मुद्दाम, गोळी पोटापर्यंत वाहून जावी म्हणून. सासूबाईंना दहीभाताचा अपमान झाल्यासारखं वाटलं, पण बांगड्याने ते भरून निघालं.

तिसरी गोष्ट, जी खरी होती

वरच्या दोन्ही चुका दुरुस्त केल्या असत्या तरी ताप परत आला असता, असं मला आता वाटतं. कारण गोचिडी संपल्याच नव्हत्या. रोज संध्याकाळी दोन-चार निघायच्या. मी म्हणायचे, बाहेरून येतात, गवतातून. फिरायला नेणं कमी केलं तरी निघायच्या. पावसात चार दिवस बाहेर पाऊल टाकलं नाही, तरी निघाल्या.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. बंडू सोप्याला लागून असलेल्या खोलीत गोणपाटावर झोपला होता. मी मोबाईलच्या उजेडात त्याला पाणी द्यायला गेले आणि उजेड सहज भिंतीवर पडला. तिळाएवढं काहीतरी वर चाललं होतं, सरळ रेषेत, अजिबात घाई नसल्यासारखं. त्याच्या हातभर वर आणखी एक. दोन्ही कॅलेंडरच्या दिशेने. मी कालनिर्णयचा खालचा कोपरा उचलला. मागे खिळ्याभोवती गिलावा निघून खळगा झाला होता. त्या खळग्यात माझ्या नखाएवढ्या जागेत दहा-बारा गोचिडी एकमेकींवर चढून बसलेल्या, आणि मधोमध करड्या रंगाची, वालाच्या दाण्याएवढी फुगलेली एक. तिच्या बुडाशी तपकिरी मण्यांसारखा अंड्यांचा पुंजका. मला त्या रात्री झोप आली नाही. स्विचबोर्ड उघडला, तिथे होत्या. गणपतीच्या माटोळीची (मूर्तीवर फळं-पानं टांगायची) लाकडी चौकट वर बांधलेली असते तिच्या सांध्यात होत्या. दाराच्या चौकटीत, वाशांच्या टोकांना, सगळीकडे.

ही तपकिरी कुत्रा-गोचीड. तिचं वैशिष्ट्य हेच की ती रानातली नाही, घरातली आहे. लहानपणापासून मोठी होईपर्यंत ती तीनदा कुत्र्यावर चढते, रक्त पिते आणि तीनदा उतरते. कात टाकायला आणि अंडी घालायला ती खाली गवतात जात नाही, वर चढते, भेगा शोधते. एक मादी काही हजार अंडी घालून मरते. उबदार हवेत हे सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं. आणि कुत्रा नसला तरी तिला चिंता नाही. उपाशी राहून ती कित्येक महिने वाट पाहू शकते. मार्च, जुलै, ऑक्टोबर. आमच्या तापांची तारीखवारी मी कॅलेंडरच्या पुढच्या बाजूला शोधत होते आणि उत्तर मागच्या बाजूला होतं.

चिऱ्याची भिंत म्हणजे गोचिडींची चाळ. दगडालाच भोकं, त्यात सांध्यांतला जुना चुना झडलेला. सिमेंटच्या फ्लॅटमध्ये हे होत नाही असं नाही. तिथे टाइलच्या स्कर्टिंगमागे आणि पलंगाच्या फळ्यांत असतात. पण आमच्यासारख्या घरात त्यांना राहायला नुसती जागा नाही, वाडा मिळतो.

काय केलं

गोणपाट जाळला. गोणपाटासारखी वाईट गोष्ट नाही. विणीच्या प्रत्येक छिद्रात एक घर. आता लोखंडी चौकटीची कॅनव्हासची खाट आहे, भिंतीपासून वीतभर लांब, वर जुनी चादर, जी दर आठवड्याला उकळत्या पाण्यात जाते. भिंतीपासून लांब हे महत्त्वाचं.

मग भेगा. गवंडी दोन दिवस लावला. आतल्या खोलीतला फुगलेला गिलावा पाडून पुन्हा केला, खिळ्यांची भोकं बुजवली, चौकटींच्या फटी पुटीने भरल्या. बाहेरच्या चिऱ्याचे सांधेही भरून घेतले. बऱ्याच जणांनी ‘खालचे तीन फूट करा, पुरे’ म्हटलं. गोचीड वर जाते. खालचे तीन फूट करून तिला फक्त जिना मिळतो.

फवारणीला माणूस बोलावला. पायरेथ्रॉइड गटातलं औषध. हे मी स्वतः करायला गेले नाही, आणि तुम्हीही जाऊ नका असं म्हणेन. कुत्र्याला दिवसभर दुसरीकडे ठेवलं. मांजर असेल तर जास्त जपा. ही औषधं मांजराच्या शरीराला पचवता येत नाहीत, ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. मासे तर याने लगेच मरतात. म्हणून माशांची टाकी झाकायची, आणि विहिरीच्या बाजूची भिंत सोडून द्यायची किंवा विहीर नीट झाकून घ्यायची. आम्ही ती बाजू हाताने, ब्रशने आणि उकळत्या पाण्याने केली. पावसाच्या तोंडावर बाहेर फवारू नका. औषध वाहून जातं आणि शेवटी शेतात, ओहोळात पोचतं.

इथे बहुतेकांची फसगत होते ती अशी: एकदा फवारलं, चार दिवस एकही दिसली नाही, संपलं. फवारणीने अंडी मरत नाहीत. ती दोन-तीन आठवड्यांनी फुटतात आणि मोहरीहून बारीक, सहा पायांची पिल्लं भिंतभर होतात. आम्ही पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा फवारलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फवारणीच्या मध्ये पिल्लं पाहिली तेव्हा मी रडकुंडीला आले होते, पण ते अपेक्षितच होतं.

गावातले उपायही झाले. कडुनिंबाचं आणि करंजाचं तेल: वास येतो, घर भरल्यावर पुरत नाही. रॉकेल: कुत्र्याच्या अंगाला अजिबात लावू नका, कातडी भाजते आणि ते चाटलं तर आणखी वाईट. तंबाखूचं पाणी: निकोटिन कुत्र्याला विष आहे. ‘कोंबड्या सोडा, त्या गोचिडी वेचून खातात’ हे खरं आहे, पण छताखालच्या वाशापर्यंत कोंबडी जात नाही, आणि बंडू असताना कोंबडी किती दिवस राहील हा वेगळा प्रश्न. एकाने गॅसच्या बर्नरने भिंत भाजायला सुचवलं. मोकळ्या दगडी गोठ्यात करतही असतील. आमच्या वर शंभर वर्षांचं लाकूड आहे.

कुत्र्याच्या अंगावरचं

चघळायची गोळी रक्तातून काम करते, म्हणजे गोचीड आधी चावते, मग मरते. मरायला काही तास जातात, आणि एर्लिकिया तेवढ्या तासांतही आत जाऊ शकतो. गोळी देऊनही ताप आला म्हणून गोळी खोटी ठरत नाही. तिचं खरं काम घरातली पैदास तोडणं. चावण्याआधीच गोचिडीला दूर ठेवणारा औषधी पट्टा वेगळा मिळतो. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही सांगितले. तुम्ही विचारून घ्या, कारण फिट येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या जपून द्याव्या लागतात. पट्टा कातडीला टेकला पाहिजे. बंडूच्या मानेवर केसांची गादी आहे, पहिला पट्टा महिनाभर त्या गादीवर नुसता तरंगत होता.

रोज संध्याकाळी दहा मिनिटं तपासणी. कानांच्या आत, काखा, शेपटीखाली, नेहमीच्या पट्ट्याखाली, आणि बोटांच्या मधे. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढायची, पिळायची नाही, नखांनी चिरडायची नाही. हुर्राकाच्या (काजूच्या दारूच्या) रिकाम्या बाटलीत साबणाचं पाणी करून ठेवलंय, त्यात टाकतो. त्याला स्वतः चावून खाऊ देऊ नका. गोचीड गिळल्याने होणारा एक वेगळा आजारही आहे.

बोटांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हे दत्तक घेतलेल्या कुत्र्याचंच दुखणं आहे. बंडू मागच्या पायांना हात लावू द्यायचा नाही. पुढचे चालतील, मागचे नाहीत. साखळी कधी तिथे अडकली असेल, कोण जाणे. हात नेला की अंग ताठ, डोळ्याचा पांढरा भाग दिसायचा, मग घशातून खोल गुरगुर. ४० किलोच्या कुत्र्याने तसं केलं की आपण ती जागा तपासणं सोडून देतो. आम्हीही मार्चपासून सोडलंच होतं. ऑक्टोबरात डॉक्टरांनी त्याला तोंडाला जाळी लावून मागची बोटं उघडली तर प्रत्येक फटीत होत्या, काही तर आत रुतलेल्या.

गुरगुरला म्हणून ओरडू नका. गुरगुर ही त्याने दिलेली सूचना आहे. ती बंद पाडलीत तर पुढच्या वेळी सूचनेविना दात लागतील. आम्ही सुकटीचा डबा घेऊन बसायचो, सुकट दोन पाण्यांत भिजवून मीठ काढलेली. पहिले चार दिवस मांडीला नुसता हात, लगेच एक सुकट, हात मागे. मग गुडघा. मग पाऊल, एक क्षण. अंग ताठ झालं की एक पायरी खाली. एक बोट उघडून पाहायला तीन आठवडे लागले, आठही बोटांना दोन महिने. आता संध्याकाळी दिवा लावला की तो आपणहून कुशीवर पडून मागचा पाय वर करतो. सुकट अजून द्यावी लागते.

वाड्यावरची काळी

घर स्वच्छ झालं, बंडू स्वच्छ झाला, तरी सोप्यावर अधूनमधून एखादी सापडायची. वाड्यावर एक गावठी काळी कुत्री आहे, कुणाचीच नाही आणि सगळ्यांची. दुपारी ती आमच्याच सोप्यावर झोपते. तिच्या कानात बोट घातलं आणि कळलं. हाकलून उपयोग नव्हता, दुसरी आली असती. तिचं वजन काजूवाल्याच्या काट्यावर केलं, १६ किलो, आणि तिच्या टप्प्याची गोळी बांगड्यात घालून दिली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, ‘फुकट खर्च’. पुढच्या महिन्यात त्यांनी निम्मे पैसे आणून दिले, कारण त्यांच्याही पायरीवर ती झोपते.

माणसांची काळजी असलेल्यांसाठी: ही गोचीड माणसाला क्वचित चावते. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून ऐकू येणारा माकडताप वेगळा, तो जंगलातल्या दुसऱ्या जातीच्या गोचिडीमुळे होतो. पण काजूच्या दिवसांत कुत्र्याला घेऊन डोंगरावर जात असाल तर परतल्यावर त्याच्याबरोबर स्वतःचे पाय आणि कपडेही तपासा.

बरा झाला हे कसं ओळखायचं

ताप उतरला यावरून नाही, आणि पट्टीवरच्या झटपट चाचणीवरूनही नाही. ती चाचणी प्रतिपिंडं पाहते, आणि ती बरं झाल्यावरही कित्येक महिने रक्तात राहतात. एका ओळखीच्यांनी पट्टी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून धडधाकट कुत्र्याला लागोपाठ तीन कोर्स दिले. प्लेटलेट पाहा. बंडूच्या आम्ही दोन आठवड्यांनी पाहिल्या, कोर्स संपल्यावर पाहिल्या, मग तीन महिन्यांनी. शेवटच्या वेळी दोन लाख साठ हजार. शंका असली तर डॉक्टर पीसीआर सांगतात, त्यात जंतू स्वतः आहे का ते शोधतात. जुना जंतू उरलेला की नव्या गोचिडीने नवा आणला, हे आमच्या डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. म्हणून दोन्ही वाटा बंद केल्या.

परवा वजन केलं: ४६ किलो. आता डॉक्टर जेवण कमी करा म्हणतात, तो वेगळा विषय आहे. भिंतीवर खिळा मारायला आमच्याकडे बंदी आहे. कालनिर्णय फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलंय, आणि एकादशी बघायला दरवेळी चष्मा शोधून स्वयंपाकघरात जावं लागतं, म्हणून सासूबाई बंडूला रोज बोलतात.